फ्रूट कस्टर्ड पहिल्यांदाच करताय? मग फळं आणि कस्टर्ड लांब लांब ठेवा

फ्रूट कस्टर्ड म्हणा नाहीतर आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत म्हणतात तसं फ्रूट सॅलड म्हणा, वस्तू एकच. दूध, कस्टर्ड पावडर, साखर, फळं, गार करायचं आणि वाट्या भरायच्या. पुरीबरोबर खाणारे आहेत, नुसतं ओरपणारे आहेत आणि आमच्या घरात तर रात्री साडेअकराला फ्रीजचा दरवाजा हळूच उघडून उभ्याउभ्या खाणारेही आहेत (मी). दिसायला इतकं सोपं की कोणाला रेसिपी विचारायची पण लाज वाटते, आणि नेमकं म्हणूनच पहिल्यांदा करणाऱ्याचं हमखास बिघडतं. कुणाचं गुठळ्यागुठळ्यांचं होतं, कुणाचं पिठल्यासारखं घट्ट, कुणाचं सकाळी छान दाट असलेलं संध्याकाळी पाण्यासारखं होऊन बसतं आणि केळी काळी पडलेली ती वेगळीच.

माझं हे सगळं करून झालंय. सगळ्या चुका करून झाल्यावर मला एकच गोष्ट पटली, की फ्रूट कस्टर्ड हा एक पदार्थ नाहीये, दोन आहेत. कस्टर्ड आदल्या रात्री करायचं, फळं आयत्या वेळी चिरायची, आणि दोघांची गाठ पानावर वाढायच्या थोडंसं आधी घालायची. एवढं पाळलं तर बाकी बारीकसारीक चुका खपून जातात.

सामान काय लागेल

६ ते ८ जणांच्या मापाने सांगतो. दूध १ लिटर, कस्टर्ड पावडर ४ सपाट मोठे चमचे म्हणजे साधारण ३५ ते ४० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम म्हणजे घरातली अर्धी वाटी, आणि चिरलेली फळं अर्धा ते पाऊण किलो. वरून घालायला काजू-बदामाचे काप हवे तर. बस.

मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा, मापाच्या सेटमध्ये येतो तो. आपला पोहे खायचा चमचा त्याच्यापेक्षा लहान असतो, आणि त्यात आपण शीग लावून भरतो की सपाट यावर सगळा खेळ आहे. चमच्याचा भरवसा नसेल आणि घरात छोटा वजनकाटा असेल तर सरळ वजन करा, पहिल्यांदा करताना तरी करा.

दूध फुल क्रीम घ्या, पिशवीवर फॅट ६ टक्के लिहिलेलं असतं ते. ३ टक्केवाल्या टोन्ड दुधाचं पण होतं, पण त्याला तो गुळगुळीतपणा येत नाही आणि मग लोकं पावडर वाढवून दाटपणा आणायला जातात, की झालं, तोंडात पीठ लागतं. दूध आधी तापवून ठेवलेलं असेल तर वरची साय काढून घ्या. ती तशीच राहिली तर कस्टर्डमध्ये तिच्या चिंध्या तरंगतात आणि पाहुण्यांना वाटतं गुठळ्या राहिल्यात. सायीचा मोह पडत असेल तर वाटीत काढून साखर घालून खाऊन टाका, तिचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

त्या पिवळ्या पावडरीत असतं काय

बऱ्याच जणांना वाटतं कस्टर्ड पावडरमध्ये अंडं असतं. खरं कस्टर्ड अंड्याच्या बलकाचंच असतं, पण १८३७ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टच्या बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून त्याने कॉर्नफ्लोअरचं बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं आणि तीच ही पावडर. म्हणजे आपण जे विकत आणतो, पुण्याच्या वीकफील्डचं असो की ब्राऊन अँड पोल्सनचं, ते मुळात कॉर्नफ्लोअर, थोडा रंग, व्हॅनिलाचा वास आणि किंचित मीठ. त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांना बिनधास्त द्या. एकादशीला चालेल का असं विचाराल तर मक्याचं पीठ आहे ते, आमच्याकडे नाही चालत, तुमच्याकडचं तुमच्या आजीला विचारा.

हे सांगायचं कारण असं की एकदा कळलं ना की आपण कॉर्नफ्लोअर शिजवतोय, म्हणजे पिठलंच करतोय एक प्रकारचं, की मग पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप लक्षात येतं. पिठल्याला गुठळ्या का होतात, पिठलं गार झाल्यावर घट्ट का होतं, पिठलं कच्चं राहिलं तर कसं लागतं, हे सगळं तुम्हाला माहितीच आहे.

पायरी पहिली, पावडर थंड दुधात कालवा

१ लिटरमधलं एक कपभर दूध बाजूला काढा, थंडच, फ्रीजमधलं असेल तर उत्तम. त्यात चारही चमचे पावडर घालून चमच्याने ढवळा, तळाला बसलेली पावडर नीट खरवडून मिसळा. रंग आधी फिका दिसतो आणि ओली झाली की एकदम पिवळाधमक होतो.

गरम दुधात पावडर घालायची नाही. कोमटात पण नको. कॉर्नफ्लोअरचे कण साधारण ६५ अंशाच्या आसपास फुगायला लागतात, त्यामुळे गरम दुधात पावडर पडली की तिच्या ढेकळाचा बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. तीच गुठळी. मग ती कितीही घोटा, फुटत नाही, फुटली तर तिची चार पिल्लं होतात.

आणि हे मिश्रण कालवून दहा मिनिटं ठेवलंत तर पावडर सगळी खाली जाऊन घट्ट बसते, दगडासारखी. त्यामुळे भांड्यात ओतायच्या आधी परत एकदा ढवळायचं. हे विसरलं की वरचं पाणचट दूध जातं आणि खरा माल कपाच्या तळाशी राहतो, मग तुम्ही गॅससमोर उभे राहून विचार करत बसता की हे दाट का होत नाहीये.

पायरी दुसरी, शिजवणं

पातेलं जाड बुडाचं घ्या. दूध ओतायच्या आधी पातेलं पाण्याने विसळून तसंच ओलं ठेवा, दूध तळाला कमी लागतं, आईची युक्ती आहे, आणि बहुतेक सगळ्यांच्याच आईची असेल. उरलेलं दूध त्यात घालून मध्यम आचेवर ठेवा. उकळी आली की साखर घाला, विरघळू द्या, मग गॅस बारीक करा.

आता एका हाताने कालवलेली पावडर बारीक धारेने सोडायची आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळायचं. सतत म्हणजे सतत, मोबाईल वाजला तर वाजू दे. पळीपेक्षा तारेची फेटणी असेल तर सोपं जातं पण नसेल तर काही अडत नाही, पळी फक्त तळाशी आणि कडेने फिरली पाहिजे, कारण दाट व्हायला सुरुवात तिथूनच होते. आधी मिनिटभर काहीच होत नाही. मग अचानक पळीला ओढ जाणवते, दुधाचा खळखळ आवाज बंद होतो आणि जाडसर बुडबुडे फुटायला लागतात, फद्द फद्द असे. हा क्षण ओळखायला शिका.

इथे नवीन माणूस गॅस बंद करतो. करू नका. दाट झालं म्हणजे शिजलं असं नाही, आत्ता पीठ नुसतं फुगलंय. बारीक गॅसवर अजून दोन ते तीन मिनिटं ढवळत शिजवा म्हणजे तो कच्चट पिठूळ वास जातो आणि कस्टर्डला चकाकी येते. कच्चं राहिलेलं कस्टर्ड जिभेवर खडूसारखं लागतं, आणि गार झाल्यावर तर जास्तच.

दाटपणा कितपत हवा ते शब्दात सांगणं अवघड आहे तरी सांगतो. पळी बाहेर काढा, तिच्या पाठीवर बोटाने एक रेघ ओढा, रेघ तशीच राहिली आणि दोन्हीकडचं कस्टर्ड ओघळून भरून आलं नाही तर झालं. पातेल्यात ते अजून पातळच वाटायला हवं, साधारण आटत आलेल्या बासुंदीएवढं. गरम असतानाच मनासारखं दाट दिसलं तर समजा तुमचं चुकलं, कारण गार झाल्यावर ते अजून बरंच घट्ट होणार. गरम पिठलं पानात पसरतं आणि दुपारी तेच पातेल्यात सुरीने कापता येतं, ते आठवा.

साखर चाखताना एक गोष्ट लक्षात ठेवा, गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो. त्यामुळे गरम असताना किंचित जास्त गोड लागलं पाहिजे. किंचितच, कारण फळांची गोडी पण येणार आहे. चिकू-आंबा असेल तर साखर थोडी कमी धरा, आंबटगोड द्राक्षं आणि डाळिंब असेल तर सांगितलीय तेवढी ठेवा. गूळ घालू का असं विचारणारे पण भेटतात, गरम दुधात गूळ घातला तर दूध फाटायची भीती असते, या पदार्थात नकोच तो.

आणि तळाला लागलंच तर? खरवडू नका! तसंच वरचं वरचं दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, तळाचा थर पातेल्यालाच राहू दे. खरवडलं की करपट वास सगळ्यात पसरतो, मग त्याला वेलची नाही आणि जायफळही नाही वाचवू शकत.

उष्ट्या चमच्याची गोष्ट

ही पायरी नाहीये पण हिच्यासाठी मला वेगळी जागा हवी होती, कारण हा प्रकार मला कितीतरी दिवस कळलाच नव्हता.

रूमवर राहायचो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी कस्टर्ड केलं, मस्त झालं, पळीची रेघ वगैरे सगळं जमलं. कोमट झालं तसं मी एक चमचा चाखला. मग साखर बघायला अजून एक. मग रूममेट आला, त्याने त्याच चमच्याने दोन-तीनदा खाल्लं आणि चमचा पातेल्यातच ठेवून दिला. सकाळी फ्रीज उघडला तर पातेल्यात पिवळं दूध. वरती पातळ, खाली पातळ, चमच्याभोवती तर अगदीच पाणी. मला वाटलं पावडर जुनी असेल, नवीन आणली. परत तेच झालं.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं तर तिने सगळं ऐकून घ्यायच्या आधीच विचारलं, "चमचा उष्टा घातला होतास ना रे?"

मी म्हटलं त्याचा काय संबंध. तर संबंध आहे, आणि चांगला शास्त्रीय आहे. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, त्याचं कामच स्टार्च तोडणं. भात बराच वेळ चावला की गोड लागायला लागतो तो त्याच्यामुळेच. कस्टर्डचा दाटपणा पूर्णपणे स्टार्चवर उभा असतो, त्यात लाळ लागलेला चमचा बुडवला की ते तोडायचं काम रात्रभर चालू राहतं, फ्रीजमध्ये जरा हळू चालतं एवढंच. आईला अमायलेज माहीत नव्हतं, तिला फक्त उष्टं घालायचं नाही एवढं माहीत होतं, आणि मी इतकी वर्षं ते सोवळ्याओवळ्याचं खूळ समजत होतो.

तर चाखायचं असेल तर थेंबभर वाटीत काढून घ्या आणि वाटीतून चाखा. घरात लहान मुलं असतील तर पातेलं फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, मागे, कोथिंबिरीच्या डब्याच्या आड.

पायरी तिसरी, गार करणं

गॅस बंद केल्यावर पातेलं तसंच ठेवून निघून गेलात तर वर जाड कातडं धरतं. ते नंतर ढवळलं की त्याचे तुकडे होतात आणि गाळल्याशिवाय जात नाहीत. उपाय दोन. एक तर दर दोन-तीन मिनिटांनी ढवळत राहा, कोमट होईपर्यंत. घाई असेल तर परातीत गार पाणी आणि बर्फ घेऊन त्यात पातेलं ठेवा, १५-२० मिनिटांत काम होतं, पाणी पातेल्यात उडणार नाही एवढं बघा. दुसरा उपाय, खाण्याच्या पदार्थाला चालणारा प्लास्टिकचा पातळ कागद मिळतो तो थेट कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटवून झाका, मधे हवाच राहत नाही म्हणून कातडं धरत नाही. मी पहिलाच करतो, फुकट आहे.

बाहेर किती वेळ ठेवायचं? दोन तासांच्या वर नको, आणि एप्रिल-मेमध्ये तर तासाभरात फ्रीजमध्ये गेलंच पाहिजे. दूध आहे ते. पण धगधगतं पातेलं पण थेट आत ढकलू नका, बाकीचं सामान गरम होतं. हाताला जेमतेम कोमट लागलं की झाकण लावून आत. झाकण लावाच, नाहीतर शेजारच्या अर्ध्या कापलेल्या कांद्याचा वास घेऊन ते बाहेर येतं.

कमीत कमी चार तास लागतात पूर्ण गार व्हायला, रात्रभर ठेवलं तर सगळ्यात छान. लवकर व्हावं म्हणून फ्रीझरमध्ये ठेवायची अक्कल चालवू नका, कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड गोठून वितळलं की पाणी सोडतं आणि स्पंजसारखं फुटकं दिसतं.

सकाळी काढाल तेव्हा ते थोडं जास्तच घट्ट वाटेल. घाबरू नका, फेटणीने किंवा चमच्याने हलक्या हाताने ढवळलं की सुटतं. मिक्सरमध्ये फिरवायचं मात्र नाही, फुगलेले कण फुटून ते पातळ होऊन जातं.

पायरी चौथी, फळं

इथे खरी मजा आहे आणि खरे अपघात पण इथेच.

बिनधास्त चालणारी म्हणजे सफरचंद, डाळिंब, गोड द्राक्षं, चिकू, केळी, आंबा. आचारी लोकं वर्षानुवर्षं हीच फळं का घालतात त्याला कारण आहे, ही दुधाशी भांडत नाहीत. काय स्वस्त आणि चांगलं मिळतंय त्याप्रमाणे ठरवा. जानेवारी ते मार्च नाशिक-सांगलीची द्राक्षं असतात, मे महिन्यात हापूस (थोडा महाग पडतो पण दोन आंबे पुरतात), आणि डाळिंब, केळी तर जवळपास बारा महिने मिळतात.

सफरचंद सालीसकट चिरा, लाल कडा दिसायला छान दिसते. चण्याच्या डाळीएवढे नको आणि ढोकळ्याच्या फोडीएवढे पण नको, चमच्यात एका वेळी दोन-तीन वेगवेगळी फळं बसली पाहिजेत असा आकार ठेवा. चिरल्यावर लाल पडू नये म्हणून चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं टाका आणि मग निथळून घ्या, खारट लागत नाही. लिंबू पिळायचा सल्ला सगळीकडे असतो, पण इथे पुढे दूध आहे, मी नाही पिळत.

द्राक्षं बिनबियांची, धुऊन, कोरडी करून, उभी अर्धी कापा. घालायच्या आधी एक खाऊन बघा. आंबट असतील तर सरळ वेगळी खा, कस्टर्डात घालू नका. चिकू पिकलेला पण घट्ट हवा, फार पिकलेला विरघळून सगळं मातकट रंगाचं करतो आणि कच्चा असेल तर तुरटपणा घशात बसतो. डाळिंबाचे दाणे सगळ्यात शेवटी आणि थोडे वरून, आधीपासून घातले तर पांढऱ्या-पिवळ्या कस्टर्डवर गुलाबी डाग धरतात.

केळं. केळ्याशिवाय फ्रूट कस्टर्ड मला अपुरं वाटतं, शेवटी शिकरणावर वाढलेली पिढी आहे आपली. पण केळं चिरल्यावर हवा लागली की काळं पडायला लागतं आणि मऊ पण होतं, त्यामुळे ते वाढायच्या दहा मिनिटं आधी चिरायचं, लगेच कस्टर्डमध्ये बुडवायचं म्हणजे हवा लागत नाही. सालीवर काळे ठिपके नसलेलं, पिवळं, घट्ट केळं घ्या. वेलची केळी मिळाली तर आकार छान राहतो.

स्ट्रॉबेरी आणि संत्री ही मधली जात आहे. आंबटपणामुळे दूध फुटल्यासारखं दिसू शकतं, रंग पण सुटतो. घालायचीच असतील तर प्रत्येक वाटीत वरून, खाताना. संत्र्याची तर साल, बी, पांढरे धागे आणि पाकळीवरचं पापुद्र्यासारखं आवरण पण काढायला लागतं, एवढा वेळ असेल तर घाला. कलिंगड आणि खरबूज नको, दोन्ही पाणी सोडतात आणि तासाभरात कस्टर्डाचं सरबत होतं.

आता अननस.

माझ्या भाचीच्या बारशाला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की फ्रूट सॅलड माझ्याकडे लागलं, आचारी नको. ४ लिटर दुधाचं केलं, सुंदर झालं होतं. आणि काहीतरी वेगळं करावं म्हणून आदल्या रात्रीच त्यात ताज्या अननसाच्या फोडी घालून ठेवल्या. सकाळी वरून दिसायला बरं होतं. दुपारी पंगत बसली, पहिल्या वाट्या गेल्या आणि आईची मावशी, वय वर्षं ऐंशीच्या पुढे, तिने एक घास घेतला, वाटी खाली ठेवली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अरे, यात कडुलिंब घातलास का रे?"

खरंच कडू झालं होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं, आणि दुधातलं प्रोटीन तोडलं गेलं की कडवट चव येते, शिवाय दूध फाटल्यासारखं पण होतं. पपईत पपेन असतं आणि किवीत ॲक्टिनिडिन, तिघंही एकाच कामाला लागलेले. पण उष्णतेने ही एन्झाइम मरतात. त्यामुळे अननस हवाच असेल तर फोडी दोन चमचे साखर घालून पाच-सात मिनिटं चांगल्या उकळून घ्या, पूर्ण गार करा, रस निथळून मग घाला. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो चालतो. ते ४ लिटर कुठे गेलं ते विचारू नका, त्या दिवशी पुरीबरोबर सगळ्यांनी बटाट्याची भाजी जास्त खाल्ली.

एक शेवटचं, सगळी फळं चिरून झाली की चाळणीत पाच मिनिटं ठेवा, आणि ती पण गार असू द्या. गार कस्टर्डात खोलीच्या तापमानाची ओली फळं पडली की दोन्ही बिघडतात.

गाठ घालायची वेळ

वाढायच्या अर्धा तास आधी कस्टर्ड बाहेर काढा, ढवळून सैल करा, फार घट्ट असेल तर थोडं थंड दूध घाला, एकदम कपभर नाही, दोन-दोन चमचे करत. मग सफरचंद, द्राक्षं, चिकू, आंबा घाला, मोठ्या चमच्याने खालून वर हलकेच कालवा, परत फ्रीजमध्ये. शेवटच्या दहा मिनिटांत केळं. वाटीत वाढल्यावर डाळिंब आणि काजू-बदाम. सुकामेवा आधी घातला तर मऊ पडतो, त्याचा कुरकुरीतपणा हवाय ना आपल्याला.

फळांचं प्रमाण जास्त ठेवा. फळं शोधावी लागली तर ते पिवळं दूध झालं. मी साधारण दोन वाट्या कस्टर्डला दीड वाटी फळं धरतो. आणि वाट्या पण तासभर आधी फ्रीजमध्ये ठेवल्यात तर उन्हाळ्यात फार फरक पडतो.

घरातलं कोणीतरी वडीलधारं म्हणणारच की दूध आणि फळं एकत्र म्हणजे विरुद्ध आहार. आयुर्वेदात तसं म्हटलंय, वाद घालू नका, त्यांच्यासाठी एक वाटी बिनफळांची नुसत्या कस्टर्डची काढून ठेवा. आमच्याकडे ती वाटी सगळ्यात आधी संपते.

काही बिघडलंच तर

गुठळ्या झाल्या असतील तर गरम असतानाच मोठ्या गाळणीतून गाळा, पळीने दाबत. थोडं कस्टर्ड वाया जातं पण बाकीचं वाचतं. शिजवून झाल्यावर पातळ वाटलं तर अजून एक चमचा पावडर थंड दुधात कालवून, कस्टर्ड परत गरम करून, त्यात सोडा आणि परत दोन-तीन मिनिटं शिजवा, थंड कस्टर्डात कोरडी पावडर भुरभुरवून काही होत नाही. गोड कमी पडलं आणि आता गारच झालंय, तर पिठीसाखर घाला, नेहमीची साखर गार कस्टर्डात लवकर विरघळत नाही आणि दाताखाली करकर येते. जास्त गोड झालं तर थोडं दूध आणि सफरचंद-डाळिंब वाढवा.

नुसतं कस्टर्ड झाकून ठेवलं तर फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. फळं घातलेलं त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, आणि उरणार असं दिसलं तर त्यातलं केळं आधी खाऊन टाका. पातेल्यातून काढताना चमचा धुतलेला घ्या, रात्री साडेअकराला पण.